आयसेफचा सांघिक प्रकल्प: तिघांनी मिळून संशोधन कसं उभं करायचं

शाळा-ज्युनिअर कॉलेजातल्या मुलांसाठी जगातली सर्वांत मोठी संशोधन स्पर्धा म्हणजे आयसेफ, ‘इंटरनॅशनल सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर’. अमेरिकेतली ‘सोसायटी फॉर सायन्स’ ही संस्था ती भरवते. १९५० मध्ये फिलाडेल्फियात राष्ट्रीय मेळावा म्हणून सुरुवात झाली, १९५८ पासून इतर देशांची मुलं येऊ लागली आणि २०२० पासून रीजेनेरॉन ही औषध कंपनी मुख्य प्रायोजक आहे. दर मे महिन्यात अमेरिकेतल्या एखाद्या शहरात साठाहून अधिक देशांतली दीड हजारावर मुलं आपापले प्रकल्प मांडतात. सर्वोच्च पुरस्कार २०२५ पासून एक लाख डॉलरचा आहे, त्याखाली पन्नास हजार डॉलरचे काही, आणि मग प्रत्येक विषयगटात पहिला ते चौथा क्रमांक.

इथे दोघांनी किंवा तिघांनी मिळून केलेला प्रकल्प वेगळ्या रांगेत बसवत नाहीत. विषयगट २२ आहेत आणि त्यातच एकट्याचे आणि सांघिक प्रकल्प एकमेकांसमोर उभे राहतात. २०२४ मध्ये टेक्सासच्या दोन विद्यार्थ्यांनी अल्ट्रासाउंड लहरींनी पाण्यातलं मायक्रोप्लास्टिक अडवण्याचं साधं यंत्र केलं आणि पन्नास हजार डॉलरचा गॉर्डन मूर पुरस्कार नेला, तो दोघांच्या संघानेच.

पण आपल्याकडचे बरेच सांघिक प्रकल्प ‘सांघिक’ असतात ते फक्त फॉर्मवर. एकजण प्रयोग करतो, दुसरी तक्ता रंगवते, तिसऱ्याचं इंग्रजी चांगलं म्हणून तो बोलतो. परीक्षकांना हे दोन मिनिटांत कळतं. संघ असण्याचा फायदा प्रयोगाच्या आखणीतच दिसला पाहिजे, आणि तो कसा आणायचा, हेच या लेखात मुख्यतः सांगितलं आहे.

आधी पात्रता आणि वाट

आयसेफला शाळेने थेट अर्ज करता येत नाही. आधी संलग्न स्पर्धेतून निवड व्हावी लागते. भारतात ही वाट ‘आयरिस’ या राष्ट्रीय स्पर्धेतून जाते. तिच्या अर्जाच्या तारखा आणि अटी दर वर्षी नव्याने जाहीर होतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या ओळखीच्या मुलाकडून मिळालेल्या पीडीएफवर विसंबू नका.

आयसेफच्या पातळीवर विद्यार्थी नववी ते बारावीत हवा आणि स्पर्धेच्या वर्षी १ मेपर्यंत त्याला वयाची वीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. एका विद्यार्थ्याला एकच प्रकल्प. संशोधन सलग बारा महिन्यांपेक्षा जास्त काळाचं नको आणि ते स्पर्धेच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीपूर्वी सुरू झालेलं नको. यातली ‘सलग बारा महिने’ ही अट मुलं विसरतात. आठवीच्या सुट्टीत सहज म्हणून घेतलेली मोजमापं अकरावीच्या प्रकल्पात घुसवली की काम अडतं.

महाराष्ट्र मंडळाच्या मुलांनी आणखी एक हिशेब आधी करावा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, स्पर्धा मेमध्ये. विश्लेषण, पोस्टर, मुलाखतीचा सराव हे सगळं नेमकं त्याच महिन्यांत येतं. नववीत किंवा अकरावीत जूनला सुरुवात करणं सर्वांत सोयीचं. संघात एक नववीतला आणि दोघं दहावीतले असतील, तर फेब्रुवारीनंतर सगळा भार एकावर येणार हे धरून चाला.

संघ: तीनच, आणि पुन्हा बदल नाही

संघात जास्तीत जास्त तिघं. आपल्याकडच्या काही स्पर्धांत पाच-सहा जणांचे गट चालतात, म्हणून मुलं पाचांनी काम करतात आणि पुढची फेरी आली की दोघांना गाळतात. आयसेफच्या नियमात हे सरळ बसत नाही. प्रकल्प कुठल्याही पातळीवरच्या मेळाव्यात एकदा मांडला की त्यानंतर माणूस वाढवता येत नाही, कमी करता येत नाही, एकट्याचा प्रकल्प सांघिक करता येत नाही आणि सांघिक प्रकल्प एकट्याचाही करता येत नाही. म्हणजे तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात टेबल मांडण्याआधी संघ ठरलेला हवा. पहिल्या मेळाव्याआधी अगदीच नाइलाज झाला, कोणी शाळा सोडली वा आजारी पडलं, तर कारण लेखी देऊन छाननी समितीची, म्हणजे प्रकल्प नियमात बसतो का ते तपासणाऱ्या समितीची, परवानगी घ्यावी लागते.

निवड करताना ‘जिवलग मैत्री’ हा निकष सर्वांत कुचकामी. तीन गोष्टी बघा: तिघं एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या अंतरात राहतात का, आठवड्यातला एक ठरलेला अर्धा दिवस तिघांनाही मोकळा आहे का, आणि चुकलेलं मोजमाप ‘चुकलं’ असं तोंडावर सांगण्याची तिघांची तयारी आहे का. दोघांचा संघ बहुतेक वेळा तिघांपेक्षा सुरळीत चालतो. तिसरा माणूस घ्यायचा तो आखणीत त्याची खरी गरज असेल तरच.

संघप्रमुख नेमायला नियम सुचवतो, पण सोबत हेही म्हणतो की प्रत्येकाला प्रकल्पाच्या वतीने बोलता आलं पाहिजे आणि सगळ्या बाजू माहीत असल्या पाहिजेत. प्रमुखाचं काम तारखा सांभाळणं आणि फॉर्म गोळा करणं, एवढंच ठेवा.

कागद आधी, प्रयोग नंतर

चांगले प्रकल्प सर्वांत जास्त बाद होतात ते इथे. मूळ फॉर्म असे: फॉर्म १ मार्गदर्शक शिक्षकांचा, १ए विद्यार्थ्यांचा, त्याला जोडून संशोधन आराखडा, आणि १बी म्हणजे विद्यार्थी-पालकांच्या संमतीचा. सांघिक प्रकल्पात १ आणि १ए एकेकच लागतो, पण १बी मात्र प्रत्येक सदस्याचा स्वतंत्र. तिघांच्या सह्या एकाच १बीवर घेणं ही नेहमीची चूक. १बीवरची सहीची तारीख प्रयोग सुरू होण्याच्या आधीची हवी. नोंदवहीत पहिलं मोजमाप १२ जुलैचं आणि पालकांची सही २० जुलैची असेल, तर छाननी समिती पहिला प्रश्न तोच विचारते.

पुढचे फॉर्म कामानुसार:

- शाळा, घर किंवा मोकळं मैदान सोडून इतर कुठे काम केलं, उदाहरणार्थ कॉलेजच्या, कंपनीच्या किंवा सरकारी प्रयोगशाळेत, तर १सी. हा फॉर्म काम संपल्यावर भरायचा असतो आणि तो तिथल्या देखरेख करणाऱ्या व्यक्तीने भरायचा. काम संपलं त्याच दिवशी सही घ्या. सहा महिन्यांनी त्या मॅडमची बदली झालेली असते.
- धोकादायक रसायनं किंवा उपकरणं असतील तर फॉर्म ३.
- माणसांचा सहभाग असेल तर फॉर्म ४. ‘तुमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात गढूळ येतं का?’ अशी दहा घरांत विचारलेली प्रश्नावलीही यातच येते. त्यासाठी आधी परीक्षण मंडळाची मंजुरी लागते. मंडळात किमान तिघं: एक शिक्षक, एक शालेय प्रशासक म्हणजे मुख्याध्यापक किंवा उपमुख्याध्यापक, आणि एक वैद्यकीय वा मानसिक आरोग्य क्षेत्रातला तज्ज्ञ. प्रकल्पाचे मार्गदर्शक किंवा मुलांचे नातेवाईक त्या मंडळात बसू शकत नाहीत. गावातले डॉक्टर तुमचे काका असतील, तर दुसरे डॉक्टर शोधा.
- पाठीचा कणा असलेले प्राणी असतील तर ५ए किंवा ५बी. शाळकरी संघांनी शक्यतो या वाटेला जाऊ नये. अटी फार कडक आहेत आणि त्या तशा असणं योग्यच आहे.
- सूक्ष्मजीव असतील तर ६ए, माणसाच्या वा प्राण्याच्या ऊती असतील तर ६बी.

सूक्ष्मजीवांपाशी जरा थांबू, कारण आपल्या मुलांचे निम्मे विषय पाणी, माती आणि वनौषधींचे असतात आणि ते हमखास इथे अडकतात. घरी सूक्ष्मजीव वाढवायला सक्त मनाई आहे. स्वयंपाकघरात आगर (जंतू वाढवायची जेली) शिजवून कपाटात ठेवलेल्या प्लेट्स कितीही सुबक असल्या तरी प्रकल्प बाद. नमुना घरून आणता येतो, पण तो लगेच प्रयोगशाळेत न्यायचा. अनोळखी जंतू, म्हणजे नदीच्या पाण्यातून किंवा दाराच्या कडीवरून घेतलेले, शाळेच्या प्रयोगशाळेत वाढवता येतात, पण तीन अटींवर: प्लेट प्लास्टिकची किंवा न फुटणारी हवी, ती एकदा बंद केली की शेवटपर्यंत उघडायची नाही, आणि नंतर मोठ्यांच्या देखरेखीत ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेत) किंवा जंतुनाशकाने निर्जंतुक करूनच टाकायची. प्लेट उघडून त्यातला एक ठिपका दुसऱ्या प्लेटवर नेला की कामाची धोकापातळी वाढते, आणि मग शाळेची प्रयोगशाळा पुरत नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टला आधीच्या मंजुरीतून सूट आहे; दही लावणारे लॅक्टोबॅसिलस आणि द्विदलांच्या मुळांवरचे नत्र धरणारे जीवाणू यांनाही आहे, पण ते नैसर्गिक जागी वापरले तरच, प्लेटमध्ये वाढवले तर नाही. पहिल्यांदाच संघ करत असाल, तर विषय या सूट असलेल्या हद्दीत निवडणं शहाणपणाचं.

प्रश्न किती मोठा?

‘दूषित पाण्यावर नैसर्गिक उपाय’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आकड्यात येईल आणि ते ‘नाही’ असंही येऊ शकेल. पुढचं सगळं समजावण्यासाठी एक जुना, सगळ्यांच्या ओळखीचा प्रयोग घेऊ: शेवग्याच्या बियांच्या पुडीने गढूळ पाणी निवळणं. हा विषय जसाच्या तसा उचलू नका. परीक्षकांनी तो शंभरदा पाहिला आहे, आणि सर्जनशीलतेला १०० पैकी २० गुण आहेत. इथे तो घेतला आहे तो रीत दाखवायला.

प्रश्न: पुडीची मात्रा वाढवत नेली तर गढूळपणा कुठपर्यंत घटतो आणि कुठल्या मात्रेनंतर उलटा वाढू लागतो? बियांतली धनभारित प्रथिनं मातीच्या ऋणभारित कणांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. मात्रा जास्त झाली की कणांवर उलटा भार चढतो, ते पुन्हा एकमेकांना ढकलू लागतात आणि पाणी गढूळच राहतं. वर बियांतला सेंद्रिय ऐवज पाण्यात उरतो आणि एक-दोन दिवसांत वास येतो. म्हणजे आलेख आधी खाली येणार आणि मग वर चढणार. कुठे वळतो ते शोधायचं.

तिघांचा प्रयोग, हात लावून

सामान: एक लिटरचे सहा सारखे बीकर, सहा काचकांड्या, मोजपात्रं, २० मिलिलिटरची सिरिंज किंवा पिपेट, धाग्याचं फडकं, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, २० लिटरचा झाकणाचा कॅन, मोठी बादली, घड्याळ, ठोके देणारं मोबाइल अॅप. गढूळपणा मोजायला मीटर हवा. शाळेत तो क्वचितच असतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय स्तरावर पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. शाळेच्या पत्रावर आधी विचारून बघा. तिथे काम केलं तर १सी लागणार, हे वर आलंच आहे.

स्वस्तातली गढूळपणा-नळी वापरायचा मोह होतो. ती साधारण ५ एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) खाली काही सांगू शकत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, स्वीकार्य मर्यादा १ एनटीयू धरतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतं. म्हणजे नळीने मोजून ‘पाणी मानकात बसलं’ असं लिहिलंत तर पहिलाच परीक्षक ते खोडून काढेल.

पाणी पावसाळ्यात गोळा करा. नोव्हेंबरनंतर ओढे निवळतात आणि मग मुलं माती कालवून कृत्रिम गढूळ पाणी करतात. ते चालतं, पण तो वेगळा प्रयोग झाला, आणि तसं स्पष्ट लिहावं लागतं.

पूड: पूर्ण वाळलेल्या शेंगांतल्या बिया, टरफल काढून, पांढरा गर बारीक वाटून चाळलेला. २५ मिलिग्रॅम थेट तोलायला शाळेचा तराजू पुरत नाही, म्हणून आधी द्राव करा. १ ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात पाच मिनिटं ढवळून फडक्यातून गाळा. आता १ मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम पूड वापरली गेली असा हिशेब. सगळी पूड विरघळत नाही, म्हणून मात्रा लिहिताना ‘वापरलेली पूड’ असंच लिहा. हा द्राव त्याच दिवशी संपवायचा. फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरला तर प्रथिनं बिघडू शकतात आणि दोन दिवसांचे आकडे जुळतीलच असं नाही.

मात्रा सहा: दर लिटरला ०, २५, ५०, १००, १५० आणि २०० मिलिग्रॅम. म्हणजे द्राव ०, २.५, ५, १०, १५ आणि २० मिलिलिटर. प्रत्येक बीकरमध्ये साधं पाणी घालून ही बेरीज २० मिलिलिटर करा. नाहीतर जास्त मात्रेच्या बीकरमधलं पाणी थोडं पातळही होतं, आणि फरक पुडीने पडला की पाण्याने, हे सांगता येत नाही.

आता संघाचं काम. तिघांना क, ख, ग म्हणू.

क चिठ्ठ्या टाकून कुठल्या बीकरमध्ये कुठली मात्रा जाणार ते ठरवतो, यादी पाकिटात बंद करतो आणि द्राव घालतो. ख आणि ग त्या वेळी खोलीबाहेर. मग तिघंही ढवळायला बसतात. सहा बीकर आणि तिघांचे मिळून सहा हात, असा हिशेब जमतो. पहिला एक मिनिट वेगात, १२० ठोक्यांवर. नंतर १५ मिनिटं सावकाश, मिनिटाला ३० ते ४० फेरे. मग हात काढून ३० मिनिटं अजिबात धक्का नाही. टेबलावर कोपर टेकून गप्पा मारल्या तर बसलेला गाळ पुन्हा उठतो, आणि हे खरंच घडतं.

कोणता बीकर कोणी ढवळायचा हेही चिठ्ठीने ठरवा. एकाचा हात जोरात चालतो, दुसऱ्याचा हळू. जोरात ढवळणाऱ्याकडे दर वेळी १०० मिलिग्रॅमचाच बीकर गेला, तर आकड्यांत हाताचा जोर मोजला जाईल.

तीस मिनिटांनी ख आणि ग प्रत्येक बीकरच्या पृष्ठभागाखाली दोन सेंटिमीटरवरून स्वतंत्रपणे नमुना घेतात आणि एकमेकांचा आकडा न बघता मोजतात. त्यांना मात्रा माहीत नाही. वाचनं, म्हणजे मीटरवरचे आकडे, वहीत शाईने उतरली, दोघांच्या सह्या झाल्या, की मग पाकीट उघडायचं.

पुढच्या फेरीत ख द्राव घालते, क आणि ग मोजतात. तिसऱ्या फेरीत ग. तीन फेऱ्या म्हणजे तीन आवर्तनं, आणि तीन फेऱ्यांत प्रत्येकाने प्रत्येक काम केलेलं. एका पाण्याचे १८ बीकर, ३६ वाचनं. एकट्या मुलाला हे जमणार नाही, कारण मात्रा घालणारा आणि न बघता मोजणारा एकच माणूस असू शकत नाही, आणि दोघांनी वेगवेगळं मोजायचं तर तिसरा लागतोच. तिसरा माणूस कशाला, या प्रश्नाला हा प्रयोग स्वतःच उत्तर देतो.

जिथे हमखास बिघडतं

कॅनमधून बीकर भरताना गाळ तळाशी असतो. पहिल्या दोन बीकरांना निवळ पाणी मिळतं, शेवटच्यांना चिखल. एका फेरीला सहा लिटर लागतात. तेवढं पाणी कॅन जोरात हलवून बादलीत काढा, एकजण सतत ढवळत राहील आणि दुसरा चिठ्ठीच्या क्रमाने बीकर भरेल. भरल्यावर प्रत्येक बीकरचा सुरुवातीचा गढूळपणा मोजा, म्हणजे चूक झाली तरी दिसेल. तीन फेऱ्यांना १८ लिटर जातं, म्हणून कॅन २० चा, आणि तिन्ही फेऱ्या एकाच दिवशी. एका फेरीला धुणं-भरणं धरून दोन तास लागतात. सकाळी नऊला सुरुवात केली तर जेवणासह चार-साडेचारला सुटका.

ख आणि ग यांच्या आकड्यांत दर वेळी एकाच बाजूला फरक येत असेल, तर तो स्वभावाचा नव्हे, हातांचा दोष. मीटरच्या काचनळीवर बोटांचे ठसे राहिले, ती न पुसता घातली, किंवा आत बुडबुडा राहिला, की आकडा वाढतो. दोघांनी नळी धुण्याची, पुसण्याची आणि धरण्याची एकच पद्धत ठरवून ती वहीत लिहा. दोघांच्या वाचनांतला फरक ही लपवायची गोष्ट नाही. तो वेगळ्या आलेखात दाखवा. मोजमापावर किती भरवसा ठेवायचा हे सांगणारा संघ परीक्षकांना क्वचितच भेटतो.

एखादी फेरी पूर्ण फसली तर पान फाडू नका. वर तिरकी रेघ, ‘वीज गेली, मीटर पुन्हा जुळवला नाही’ असं कारण, तारीख, सह्या. आणि ती फेरी का वगळली ते अहवालात एका वाक्यात.

वही

पानं मोजलेली, शिवलेली एकच वही. सुटे कागद नकोत, आणि केवळ फोनमधली एक्सेल फाइलही पुरेशी नाही. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, हजर कोण, कोणी काय केलं आणि आद्याक्षरं. मराठीत लिहिली तरी चालते. आकडे आणि एकके स्वच्छ असली म्हणजे झालं. महिनाअखेरीला एका पानावर प्रत्येकाचं काम वेगळं लिहा: कल्पना, आखणी, मोजमाप, हिशेब, लेखन, चित्रं. शोधनिबंधांत लेखकांचं योगदान नोंदवायला हल्ली १४ भूमिकांची एक ठरलेली यादी वापरतात. तिच्यातल्या सात-आठ तुम्हाला पुरतील. भांडण झालंच तर हे पान कामी येतं, आणि मुलाखतीत तर येतंच.

मार्गदर्शकांनी काय केलं तेही त्याच पानावर. प्रयोगशाळेतल्या सरांनी मीटर चालवून दाखवला असेल तर तसं लिहा. लिहायला किंवा आलेख काढायला एआयचं साधन वापरलं असेल, तर कुठे आणि किती, तेही.

सारांश आणि पोस्टर

सारांश इंग्रजीत, २५० शब्दांच्या आत. उद्देश, पद्धत, आकडे, निष्कर्ष. आभार नकोत, शाळेचं कौतुक नको, आणि मार्गदर्शकांनी केलेलं काम आपलं म्हणून नको. सगळ्यात उपयोगी सवय: आधी आकड्यांची दोन वाक्यं लिहा आणि मग उरलेल्या शब्दांत बाकीचं बसवा. उलट क्रमाने गेलं की १८० शब्द पाण्याच्या महत्त्वावर खर्च होतात.

सारांशावर आणि फॉर्मांवर तिघांची पूर्ण नावं. पासपोर्टवर जशी आहेत तशीच स्पेलिंगं आणि तोच क्रम ठेवा. आपल्याकडे कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, आणि नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात. तिघांचे पासपोर्ट निवड होण्याआधीच काढून ठेवा, कारण अमेरिकेच्या व्हिसाला तारीख मिळायला वेळ लागतो.

मांडणीत काय चालत नाही याची यादी लांबलचक आहे. शेवग्याच्या प्रकल्पापुरतं बघायचं तर गढूळ पाण्याची बाटली, निवळलेल्या पाण्याची बाटली, बिया, पूड, माती, रोप, काचेचा बीकर, यातलं काहीही टेबलावर ठेवता येत नाही. क्यूआर कोड, ईमेल, पदकं, शाळेचं बोधचिन्हही नाही. सगळं फोटोतून दाखवावं लागतं आणि प्रत्येक फोटोखाली तो कोणी काढला हे लिहावं लागतं. म्हणून जुलैपासूनच फोटो काढा, आणि कोणी काढला तेही वहीत टिपून ठेवा.

मुलाखत

गुणांची वाटणी आधी डोळ्यांसमोर ठेवा: प्रश्नाला १०, आखणीला १५, अंमलबजावणी आणि विश्लेषणाला २०, सर्जनशीलतेला २०, सादरीकरणाला ३५. या ३५ पैकी पोस्टरला १० आणि मुलाखतीला २५. अभियांत्रिकीच्या प्रकल्पांत शीर्षकं थोडी बदलतात, आकडे हेच. मुलाखतीच्या निकषांत सांघिक प्रकल्पासाठी खास ओळ आहे: सगळ्या सदस्यांचं योगदान आणि समज. म्हणजे एकजण अस्खलित बोलला आणि दोघं मान डोलावत राहिले, तर नुकसान तिघांचं.

तोंडपाठ भाषण सोडा. दोन मिनिटांची ओळख तिघांनाही यावी, आणि परीक्षकाने ज्याच्याकडे बघितलं त्याने सुरू करावं. मग सराव असा करा: संबंध नसलेले एक शिक्षक समोर बसवा. ते विचारतील: ‘हा १५० चा ठिपका वर का?’ उत्तर त्यानेच द्यायचं, ज्याने ती फेरी मोजली नव्हती. अडला तर दुसऱ्याने मध्ये उडी मारायची नाही. तीन सेकंद थांबायचं, मग ‘मी यात भर घालू का?’ असं विचारायचं. मुलं इथे सर्वांत जास्त चुकतात. हुशार मुलगी मित्राला सांभाळून घेते आणि नकळत परीक्षकाला सांगून बसते की त्याला काही येत नाही.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचाही सराव हवा. निर्णय सांगताना ‘आम्ही’, हाताने केलेलं काम सांगताना ‘मी’ किंवा नाव घेऊन. ‘मात्रा आम्ही ठरवल्या, दुसऱ्या फेरीत द्राव मी घातला, म्हणून त्या फेरीची वाचनं या दोघांची आहेत.’ एवढं एक वाक्य संघाबद्दल दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा जास्त सांगतं. इंग्रजी अडखळतं असेल तर दुभाष्याची सोय असते, ती आधी कळवून मागावी लागते. त्यात कमीपणा नाही. अनेक देशांची मुलं ती घेतात.

उत्तर येत नसेल तर ‘ते आम्ही मोजलं नाही’ असं म्हणा, आणि कसं मोजलं असतं ते सांगा. ‘पाणी पिण्यायोग्य झालं का?’ हा शेवग्याच्या प्रकल्पातला नेहमीचा सापळा. गढूळपणा गेला म्हणजे जंतू गेले असं नाही. जंतू मोजायचे तर ६एची मंजुरी आधी लागली असती, आणि ती तुम्ही घेतली नव्हती. तेच सांगायचं.

पुढच्या वर्षी तोच धागा

प्रकल्प पुढे न्यायचा असेल तर फॉर्म ७ लागतो. तोच प्रयोग जास्त बीकरांनी केला, तर तो नवा धरत नाहीत. नवा प्रश्न किंवा नवी पद्धत हवी: पुडीतलं तेल आधी काढून टाकलं तर वळणबिंदू सरकतो का, असं काही. पोस्टरवर चालू वर्षाचंच काम मांडायचं. संघ बदलायचा असेल, तिसरा वाढवायचा किंवा एकट्याने पुढे जायचं, तर त्याची वेळ हीच: जुनं संशोधन वर्ष संपल्यावर, नव्या १ए आणि १बीच्या सह्या होण्याआधी.